बाईंचा वाटाड्या

बाईंच्या टेबलावरचा मॉनिटर कायम काळा असायचा. तो बिघडलेला नव्हता. त्याची वायरच भिंतीतून काढून, गुंडाळून मागं खोचून ठेवलेली होती. "मला दिसत नाही, मग वीज कशाला जाळायची?" असं त्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून टाकायच्या. म्हणजे मग त्यानं चोरून बघायचं आणि त्यांनी ते ओळखून गप्प बसायचं, हा दोघांचाही त्रास वाचायचा. डोक्यावर जुना हेडफोन, पुढ्यात कीबोर्ड, डाव्या हाताशी खारे शेंगदाणे. संगणक पडद्यावरची एकेक ओळ त्यांच्या कानात वाचायचा, आणि ती इतक्या वेगानं की पहिल्यांदा तो हेडफोन मी कानाला लावला तेव्हा मला पत्र्यावर ज्वारी सांडल्यासारखा आवाज आला. त्यात शब्द आहेत यावर माझा विश्वास बसेना.

सगळं ऑफिस त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. पूर्वी त्या पॉलिटेक्निकला शिकवत. तिशी उलटल्यावर त्यांची नजर कडेकडेनं मिटत आली आणि फळ्यावरचं स्वतःचंच अक्षर दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं गारखेड्यात कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर छोटी सॉफ्टवेअर कंपनी काढली होती. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. ते आमचे मालक. पण बाई त्यांना सगळ्यांसमोर 'अरे नित्या' म्हणायच्या आणि मीटिंगमध्ये ते जास्त बोलायला लागले की हेडफोन परत डोक्यावर चढवायच्या.

मी तिथं रुजू झाले तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष चाललं होतं. शहराच्या पाट्यांवर अजून औरंगाबाद होतं आणि ते चारी दिशांनी वाढत होतं. शहराच्या कडेच्या सातारा परिसराच्या पुढं माळावर इमारती उठत होत्या आणि त्यांच्या पाण्यासाठी टँकर धावत होते. माझं गाव वैजापूरच्या अलीकडं. भाऊ जनावरं घेऊन चारा छावणीवर गेला होता, आईवडील घरी. मी एका खोलीत भाड्यानं राहत होते. घरमालकीण मोटार चालू करायची आणि दोन बादल्या भरल्या की बंद करायची. शहरात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं.

पहिल्या दिवशी बाईंनी मला शेजारी बसवलं. "हे मशीन कुणाचं होतं?"

"आधीच्या मुलाचं. सगळं बसवलेलं आहे म्हणाले सर."

"मग सगळं काढून टाक."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्या शेंगदाणे चघळत वाट बघत होत्या. आमचं काम प्लगइन बनवायचं. प्रोग्रॅमर लोक ज्या एडिटरमध्ये बसून प्रोग्रॅम लिहितात, त्या एडिटरलाच बाहेरून जोडायचे छोटे जोड आम्ही तयार करायचो. त्यासाठी आधी आपल्या मशीनवर सगळी मांडामांड करावी लागते. प्रोग्रॅमची भाषा म्हणून बरोबर आवृत्तीची जावा हवी, त्या जावाशी जमणारा एडिटर हवा, एडिटरच्या पोटातले भाग हाताळता येतील असा त्याचा भलामोठा संच हवा, आणि हे सगळं एकमेकांना नीट बांधून देणारी फाईल हवी. यातला एक जरी आकडा चुकला तरी प्लगइन मुकाट्यानं बसून राहतो. का बसलाय तेही सांगत नाही.

"उषा, दुसऱ्यानं लावलेल्या घरात आपण नुसते चाचपडत बसतो," बाई म्हणाल्या. "काय कुठं ठेवलंय ते आपल्या हाताला माहीत पाहिजे. काढ सगळं."

ती मांडामांड करायला मला जवळजवळ आठवडा लागला. रस्ता रुंद करायचं काम आमच्याच भागात चालू होतं आणि जेसीबी दर एक दिवसाआड इंटरनेटची तार तोडायचा. अर्धा उतरलेला संच तिथंच अडकून पडायचा. मी चिडायचे. बाई मात्र तोंडपाठ सांगत राहायच्या, "आता तो विचारेल, कुठं ठेवू. तिथं घाई करू नको. जागा स्वतः निवड." जो पडदा त्यांनी कधी पाहिला नव्हता, त्यावर पुढं काय येणार हे त्यांना माझ्याआधी कळायचं.

शेवटी एकदाचं सगळं जुळलं आणि त्या म्हणाल्या, "चालव." मी बटण दाबलं. एडिटरच्या पोटातून आणखी एक पूर्ण एडिटर उघडला. कोरा करकरीत. त्यात माझी एकही फाईल नव्हती, माझं नावसुद्धा नव्हतं.

"घाबरू नकोस. प्लगइन असाच तपासतात. ही दुसरी खिडकी तुला ओळखत नाही. तिथं काय मोडायचं ते मोड, तुझं घर शाबूत राहतं." मग म्हणाल्या, "माझी मात्र पंचाईत होते. दोन्ही खिडक्या एकाच आवाजात बोलतात."

म्हणूनच त्यांना मोठ्यानं विचारायची सवय लागली होती, "कुठंय मी?" दिवसातून कितीतरी वेळा. आधी नवी माणसं दचकून बघायची, मग हसायची, मग स्वतःच तसं म्हणायला लागायची. एकदा तर मालकच आपल्या केबिनमधून बाहेर येऊन दारात थबकले आणि म्हणाले, "कुठंय मी?" त्यावर बाई इतक्या हसल्या की शेंगदाण्याचा ठसका लागला.

पण तो प्रश्न त्यांच्यासाठी खरा होता. साधा पुस्तकी मजकूर ओळीनं ऐकता येतो, प्रोग्रॅम तसा ऐकता येत नाही. त्यात कंसात कंस, त्यात आणखी कंस. आपल्याला डोळ्यांनी एका नजरेत कळतं की आपण किती आत आहोत. ऐकणाऱ्याला प्रत्येक वेळी सुरुवातीपासून मोजत यावं लागतं. बाईंना त्यासाठी एक प्लगइन बनवायचा होता. कळ दाबली की त्यानं थोडक्यात सांगायचं, तू अमुक कामात आहेस, त्यातल्या तमुक अटीच्या आत आहेस, बाहेर पडायचं दार इकडं आहे. त्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'वाटाड्या'. कंपनीला त्यातून काही मिळणार नव्हतं. मालकांनी शनिवारची दुपार त्यांना मोकळी दिली आणि सोबतीला मला दिलं.

एका शनिवारी काम आवरताना त्यांनी विचारलं, "रविवारी काय करतेस गं?"

"कपडे धुते."

"पाणी असतं?"

"नसतं."

"मग?"

"मग बसते नुसती."

"मग माझ्याकडं ये नुसती बसायला. एकटीनं बसून बसून मला कंटाळा आलाय."

त्यांचा फ्लॅट ऑफिसपासून चालत जाण्याइतका. दोन खोल्या, भांडी मोजकी, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. मी पेला चुकून दुसरीकडं ठेवला तर लगेच, "अंहं, कुठं ठेवलास?" पाणी सोडलं की अख्खी इमारत मोटारींनी घुमायची आणि त्या गलक्यात त्यांना आपली टाकी भरत आली की नाही ते ऐकू यायचं नाही. शेजारपाजारचे चांगले होते, पण ज्याच्या त्याच्या टाकीपाशी ज्याची त्याची घाई. मग पाण्याच्या दिवशी मी तिकडं जायला लागले. पाणी भरून झालं की आम्ही चहा घ्यायचो. पुष्कळदा तासन्तास कुणी काही बोलायचं नाही. त्या खिडकीपाशी, मी पलंगावर. गावाहून आल्यापासून मला इतकं बरं कुठंच वाटलं नव्हतं.

त्यांचे भाऊ पुण्याला. त्यांचा दर रविवारी फोन यायचा आणि दर वेळी तेच बोलणं व्हायचं. "नाही रे. तिथं मला सगळं पहिल्यापासून इन्स्टॉल करावं लागेल. जिना, बाथरूम, तुझी बायको." मग फोन ठेवून माझ्याकडं वळून, "चांगली आहे ती. उगं म्हणते मी."

घर ते ऑफिस हा रस्ता त्यांनी स्वतः बसवला होता. हा शब्द त्यांचाच. कोपऱ्यावर पिठाच्या गिरणीचा आवाज, पुढं इस्त्रीवाल्याच्या कोळशाचा वास, मग कडुलिंबाखालची गार सावली, तिथून डावीकडं. पांढरी काठी होती, पण ती त्या कुणाला धरू द्यायच्या नाहीत. "हात द्यायचा तर कोपर द्या. काठी ओढू नका, मी काय शेळी आहे?" दुष्काळात या रस्त्यावर नवी अडचण आली. लोकांनी टँकरसाठी फुटपाथवर ड्रम मांडून ठेवले. काठी लागली की ते ठणाणा वाजायचे. बाईंनी तेही बसवून घेतलं. रिकामा ड्रम वाजला की टँकर आलेला नाही, भरलेला वाजला की येऊन गेला. ऑफिसात शिरताच त्या बातमी द्यायच्या, "आमच्या गल्लीत पाणी आलं बरं का."

मग रुंदीकरण त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आलं. कडुलिंब पाडला. गिरणी हलवली. एक दिवस त्या वेळेवर आल्या नाहीत. फोन लागत होता, पण त्या उचलत नव्हत्या. मी शोधायला निघाले. नाक्यावरचे रिक्षावाले चाचा म्हणाले, "उधर खड़े हैं मॅडम. मैं पूछा, छोड़ूं क्या? कुछ बोलेच नईं. आगे रस्ता पूरा खोद को डाले."

उकरलेल्या रस्त्याच्या मधोमध, खडीच्या ढिगाला टेकून बाई उभ्या होत्या. भर उन्हात, पदर डोक्यावर घेऊन. आजूबाजूनं गाड्या हॉर्न मारत जात होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली शांतता होती. मी कोपर पुढं केलं.

"मी उषा."

"कळलं. साबणाचा वास आला."

"कुणाला विचारलं का नाही तुम्ही? चाचांनी विचारलं म्हणे."

त्या काही पावलं चालल्या. मग म्हणाल्या, "या रस्त्यानं किती वर्षं येतेय. आज वाटलं, हाच रस्ता आता कुणाला विचारायचा? म्हटलं, उभं राहावं. एखादा तरी ओळखीचा आवाज येईल."

ऑफिसात त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, मीही नाही. त्या दिवसापासून सकाळी मी त्यांच्या दाराशी जाऊ लागले. त्यांनी कधी बोलावलं नाही, कधी नकोही म्हटलं नाही.

वाटाड्या तयार झाला तेव्हा आम्ही तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवला. कित्येक महिने काहीच घडलं नाही. बाई रोज विचारायच्या, "कुणी काही लिहिलंय?" मी नाही म्हणायचे. मग एके दुपारी एक तक्रार आली. कुठल्यातरी थंड देशातल्या माणसाची. तोही आंधळा होता. त्यानं रागारागानं लिहिलं होतं, तुमचा वाटाड्या चांगला आहे पण फार बडबड करतो, अर्ध्या शब्दांत सांगता येत नाही का? मी भीत भीत वाचून दाखवलं. बाईंनी टेबलावर थाप मारली.

"अगं, शिव्या घालतोय! म्हणजे वापरतोय! नित्या, ऐकलंस का, एक जण वापरतोय!"

त्या माणसाशी त्यांची मग चांगलीच जुंपली. दोघंही एकमेकांना अडाणी ठरवायचे. बाईंच्या आयुष्यातले ते बहुधा सगळ्यात सुखाचे दिवस असावेत.

त्याच सुमारास माझ्या एक गोष्ट लक्षात आली आणि मी मनातल्या मनात खूश झाले. बाईंच्या हेडफोनमधून झिरपणारा आवाज आता मला टेबलापलीकडून कळत होता. पत्र्यावरची ज्वारी राहिली नव्हती, शब्द झाले होते. मला वाटलं, इतक्या दिवसांत आपलाही कान तयार झाला. एकदा मी ऐटीत त्यांना सांगितलं, "बाई, आता मला तुमच्या मशीनचं सगळं समजतं."

त्या हसल्या नाहीत. हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवला.

"तुझा कान तयार नाही झाला, बाळा. वेग मी कमी केलाय. आणि आवाज वाढवलाय."

त्या पुढं म्हणाल्या, "डोळ्यांच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, हा आजार काही जणांच्या कानापर्यंत जातो. मी म्हटलं, काही जणांच्या ना. आपल्या कशाला जाईल?" मग अगदी सहज, "त्या दिवशी रस्त्यात इस्त्रीवाल्यानं मला हाक मारली होती म्हणे. दोनदा. मला आलीच नाही ती."

तेव्हा मला कळलं की शनिवारच्या दुपारी त्या इतकी घाई का करायच्या, चहा घ्यायलासुद्धा उठायच्या का नाहीत.

पुढचं वर्ष त्यांनी ब्रेल शिकण्यात घालवलं. मोठेपणी नजर गेलेली, त्यामुळं ब्रेल त्यांनी कधी हाताळलंच नव्हतं. बोटं पन्नाशीला आलेली, मिरच्यांचे देठ मोडून आणि कीबोर्ड बडवून निबर झालेली. मालकांनी कुठूनतरी एक ब्रेलची पट्टी मागवली. संगणकाला जोडली की तिच्यावर बारीक टिंबं वरखाली होतात आणि ओळ बोटानं वाचता येते. आता वाटाड्याला कानात बोलण्याऐवजी या पट्टीवर लिहायला शिकवायचं होतं. त्यासाठी एडिटरची नवी आवृत्ती लागत होती, तिच्यात आमचं जुनं काहीच चालेना. "काढ सगळं," बाई म्हणाल्या. पुन्हा जावा, पुन्हा संच, पुन्हा बांधाबांध. या वेळी सगळं मी लावलं. त्या माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवून बसायच्या, मी काय करतेय ते तेवढ्यावरून समजून घ्यायच्या.

पट्टीवर पहिली ओळ उमटली तेव्हा त्यांनी ती वाचायला फार वेळ घेतला. बोट पुढं जायचं, मागं यायचं. ऑफिसातले सगळे त्यांच्या पाठीमागं येऊन उभे राहिले होते. त्यांना ते माहीत नव्हतं. शेवटी त्या मोठ्यानं म्हणाल्या, आपला आवाज किती मोठा झालाय हे न कळून, "दुसऱ्या अटीच्या आत आहे मी! बरोबर?" मी त्यांच्या हातावर हात दाबला. मालक तोंड फिरवून खिडकीशी गेले.

त्या उन्हाळ्यात शहरात पाण्याचे फार हाल झाले. टाकी, मोटार, टँकरवाल्याचा भोंगा, दाराची बेल, यातलं काहीच त्यांना नीट ऐकू येईना. एकदा गॅसवरचं दूध उतू जाऊन गॅस विझला आणि त्या शेजारच्या खोलीत काम करत होत्या. वास आला म्हणून वाचल्या. भाऊ स्वतः आले. बाईंनी वाद घातला नाही. सामानात त्यांनी संगणक, पट्टी आणि शेंगदाण्यांची पिशवी एवढंच स्वतः बांधलं. गाडीत बसताना माझ्या खांद्यावरून, मग तोंडावरून एकदा हात फिरवला. "बारीक झालीस," एवढंच म्हणाल्या. गाडी वळून गेली आणि मी त्यांच्या रिकाम्या फ्लॅटला कुलूप लावून ऑफिसला गेले. त्या रस्त्यानं एकटीनं चालायची माझी सवय मोडली होती.

मग मेल यायचे. एक-दोन ओळींचे. 'तो थंड देशवाला मान्य करतो की पट्टी चांगली. शेवटी.' किंवा, 'वहिनी बरी आहे. जिना अवघड.' मी लांबलचक उत्तरं लिहायचे आणि पाठवताना निम्मी कापायचे. एकेक ओळ वाचायला त्यांच्या बोटाला किती वेळ लागतो ते मी पाहिलं होतं.

माझं लग्न ठरलं, झालं, ते त्यांना कळवायचं राहून गेलं. महिनाभरानं नवऱ्याचं पुण्यात काम निघालं तेव्हा मीही गेले आणि त्यांच्या भावाच्या घरी पोचले. वहिनींनी मला आतल्या खोलीत नेलं. बाई टेबलाशी बसल्या होत्या, पट्टीवर बोटं. पाठीत जरा वाकल्या होत्या. ऐकू येणं जवळजवळ संपलं होतं. मी शेजारी बसून त्यांचा हात हातात घेतला आणि तळव्यावर बोटानं लिहिलं, 'उ'. पुढचं अक्षर लिहूच दिलं नाही. माझा हात पकडून त्यांनी मनगट चाचपलं आणि चुड्यावर बोटं थांबली.

"लग्न केलंस?"

मी त्यांचा हात दाबला.

"चांगला आहे?"

मी पुन्हा दाबला. त्यांनी बराच वेळ तो हात सोडला नाही. मग पट्टीकडं वळल्या. म्हणाल्या, "एवढं संपवते हं. एकानं एक चूक शोधून दिलीय."

मी बसून राहिले. थोड्या वेळानं माझं मलाच कळलं नाही, मी बोलायला लागले होते. मोठ्यानं. यंदा धरण भरलंय, मालकांनी जागा बदलली, भावानं दुसरी गाय घेतली, नवरा अबोल आहे पण चहा चांगला करतो. दारात वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या, माझ्याकडं बघून क्षणभर थांबल्या आणि ट्रे ठेवून परत गेल्या. मी ओशाळून गप्प झाले. तशा बाई न वळताच म्हणाल्या, "थांबलीस का? बोल की. टेबलावर हात आहेत तुझे. टेबलातनं येतंय मला."

त्यानंतर आमची भेट झाली नाही. पुढच्याच वर्षी, झोपेत, त्या गेल्या. त्या दुपारी मी काय काय बोलले ते त्यांना कळायची शक्यता नव्हती, आणि मलाही आता फारसं आठवत नाही. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून मी बोलत राहिले, आणि चहा गार होईपर्यंत त्या काम करत राहिल्या.